आमोस अलोन्झो स्टॅग: अमेरिकेतल्या एका आद्य कोचविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे स्टॅग कोण? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात मावणारा माणूस नाही, पण प्रयत्न करतो. आमोस अलोन्झो स्टॅग (१८६२–१९६५) हे अमेरिकी कॉलेज फुटबॉलचे कोच. बास्केटबॉलच्या पहिल्या जाहीर सामन्यात ते स्वतः खेळले, आणि कोचची नोकरी ही प्राध्यापकाच्या नोकरीइतकी पक्की असू शकते हे सगळ्यात आधी त्यांच्या बाबतीत घडलं. वय वर्षं १०२. त्यातली जवळजवळ ७० वर्षं मैदानावर.

फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉलच ना?

नाही. मेस्सी-रोनाल्डोचा फुटबॉल तिकडे सॉकर म्हणून ओळखला जातो. स्टॅग यांचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं, तो. ११ विरुद्ध ११. चेंडू पलीकडच्या रेषेपार नेला की टचडाऊन. चेंडू बाळगणारा स्वतःच्याच गोलरेषेच्या मागे पाडला गेला, तर समोरच्याला २ गुण मिळतात. त्याला सेफ्टी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे एका सामन्यात लागणार आहे.

धर्मोपदेशक व्हायला निघालेला मुलगा कोच कसा झाला?

जन्म न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा, १६ ऑगस्ट १८६२. वडील चांभारकाम करायचे, पडेल ती मजुरीही करायचे. घरात आठ मुलं. येल विद्यापीठात पोचेपर्यंत स्टॅग वयाने वर्गातल्या बऱ्याच मुलांपेक्षा मोठे होते, आणि खिशात पैसे नव्हते.

येलमध्ये त्यांचं नाव झालं ते बेसबॉलमध्ये, पिचर म्हणजे चेंडू फेकणारा म्हणून. व्यावसायिक संघांची बोलावणी आली, तीही चांगल्या रकमेची. त्यांनी ती नाकारली. त्या काळी व्यावसायिक बेसबॉलच्या भोवती दारूचे गुत्ते आणि जुगार असायचा आणि यांना व्हायचं होतं पाद्री. फुटबॉलमध्येही ते कमी नव्हते. १८८९ मध्ये देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंचा जो पहिला ‘ऑल-अमेरिका’ संघ जाहीर झाला, त्यात ते होते.

पदवीनंतर धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि घोडं अडलं ते व्यासपीठावर. आपल्याला प्रवचन जमत नाही, चार लोकांसमोर उभं राहिलं की शब्द फुटत नाहीत, असं त्यांचं स्वतःचंच मत झालं. मग ठरवलं की जे तोंडाने सांगता येत नाही ते मैदानावर शिकवू. १८९० मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत दाखल झाले. व्यायामशिक्षक आणि ख्रिस्ती कार्यकर्ते घडवणारी ही शाळा होती.

आणि तिथेच बास्केटबॉल जन्माला आला?

हो, आणि स्टॅग तेव्हा त्याच इमारतीत होते.

स्प्रिंगफील्डला त्यांनी फुटबॉलचा संघ उभा केला. त्यात मधल्या जागेवर, सेंटरला, खेळायचा जेम्स नेस्मिथ नावाचा कॅनडाहून आलेला एक जण. तोही धर्मशास्त्र शिकलेला, तोही शिकता शिकता शिकवणारा. ‘मला सेंटरलाच का ठेवतोस?’ असं नेस्मिथने विचारल्यावर स्टॅग म्हणाले होते की, सगळ्यात दुष्ट कामं तू सगळ्यात सभ्यपणे करतोस म्हणून. ही आठवण नेस्मिथच्या नावाने सांगितली जाते आणि बास्केटबॉलच्या जनकाचा स्वभाव तिच्यातून जितका कळतो तितका पुतळ्याखालच्या पाटीवरून कळत नाही.

१८९१ चा हिवाळा. बाहेर बर्फ, आत व्यायामशाळेत कंटाळलेली १८ दांडगी मुलं. शाळेचे ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथला सांगितलं, आत खेळता येईल असा काहीतरी खेळ काढ. नेस्मिथने १३ नियम लिहिले, शिपायाकडून पीच फळांच्या दोन टोपल्या मिळवल्या आणि १० फुटांवरच्या कठड्याला ठोकल्या. एका बाजूला नऊ जण, दुसऱ्या बाजूला नऊ. टोपलीला तळ होताच, त्यामुळे प्रत्येक गोलनंतर कोणीतरी वर चढून चेंडू काढायचा.

मार्च १८९२ मध्ये पहिला जाहीर सामना झाला: विद्यार्थी विरुद्ध शिक्षक. सुमारे २०० प्रेक्षक. शिक्षकांच्या बाजूने खुद्द नेस्मिथ आणि स्टॅग. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५–१ असं हरवलं, आणि शिक्षकांचा तो एकुलता एक गोल केला स्टॅग यांनी. फुटबॉलची सवय हाडात भिनलेली, त्यामुळे ते या नव्या, धक्काबुक्कीला मनाई असलेल्या खेळातही धक्के देत सुटले होते, असं त्या वेळच्या वर्णनांत येतं. खेळ शोधणारा बाजूला उभा असताना त्याचेच नियम मोडणारा हा बहुधा पहिला माणूस.

बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच खेळाडू, हे स्टॅग यांनी आणलं का?

एकट्याने आणलं असं म्हणणं जास्तीचं होईल. सुरुवातीला नऊ-नऊ, मग कुठे सात, कुठे जागा मोठी म्हणून त्याहून जास्त असा सगळा गोंधळ होता. पण जानेवारी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठाचा संघ (स्टॅग तोवर तिथे नोकरीला लागले होते, ती गोष्ट पुढे येईल) आयोवा सिटीला गेला आणि दोन्हीकडून पाच-पाच जण खेळले. शिकागोने १५–१२ असा विजय मिळवला. कॉलेज बास्केटबॉलच्या इतिहासात पाच-पाचचा पहिला सामना म्हणून तोच धरला जातो. आयोवाच्या बाजूला हेन्री कॅलनबर्ग होते, तेही स्प्रिंगफील्डचेच. म्हणजे खेळाचा प्रसार कसा झाला तर एका शाळेतून बाहेर पडलेली पोरं जिथे जिथे नोकरीला लागली, तिथे तिथे टोपली ठोकत गेली.

स्वतः बास्केटबॉलचे कोच म्हणून त्यांची कामगिरी कशी?

छोटीशी. शिकागोत त्यांनी १९२०–२१ चा एक हंगाम संघ सांभाळला. एरवी ते काम इतरांकडे होतं. त्यांचं खरं योगदान वेगळं: १९१७ पासून शिकागो विद्यापीठात शाळकरी संघांची मोठी बास्केटबॉल स्पर्धा भरायला लागली, ती १९३० पर्यंत चालली. पुढे पुढे देशभरातल्या राज्यांचे विजेते हायस्कूल संघ तिथे यायचे. छोट्या गावातल्या पोरांनी आगगाडीने शिकागो पाहावं आणि येताना कप आणावा, असा तो थाट होता. १९५९ मध्ये बास्केटबॉल हॉल ऑफ फेमची पहिली यादी निघाली, त्यात स्टॅग यांचं नाव होतं.

शिकागो विद्यापीठाने त्यांना असं काय दिलं, की त्याची अजून चर्चा होते?

पक्की नोकरी. यात काय मोठंसं, असं आज वाटेल, म्हणून आधीची परिस्थिती बघा.

तेव्हा कॉलेजच्या संघाला पगारी, कायमचा कोच नसायचा. संघ चालवायचा कर्णधार. जुने खेळाडू हंगामात परत येऊन शिकवायचे. अमेरिकी फुटबॉलचे जनक म्हणवले जाणारे वॉल्टर कॅम्प येलच्या संघाला सल्ला द्यायचे, पण त्यांची रोजची नोकरी घड्याळाच्या कंपनीत होती.

विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये हिब्रू शिकवणारे विद्वान. स्टॅग त्यांचे विद्यार्थी. रॉकफेलरच्या पैशातून शिकागोत नवं विद्यापीठ उभं राहायचं होतं, त्याचे पहिले अध्यक्ष हार्पर झाले. त्यांनी स्टॅग यांना बोलावून १५०० डॉलर पगार सांगितला. स्टॅग गप्प. हार्पर म्हणाले, २०००. तरी गप्प. शेवटी २५०० डॉलर, सहयोगी प्राध्यापकाचा हुद्दा आणि आयुष्यभराची नेमणूक. पुढे स्टॅग सांगायचे की, मी घासाघीस करतच नव्हतो, त्या कल्पनेनेच मी इतका हरखून गेलो होतो की बोलणं सुचलं नाही. प्रवचन न जमणाऱ्या माणसाला मौनाची एवढी किंमत मिळावी, हे मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात आवडतं.

विद्यापीठाचे वर्ग १ ऑक्टोबर १८९२ ला सुरू झाले. ग्रंथालय धड लागलेलं नव्हतं, पण फुटबॉलचा सराव सुरू झाला होता. हार्पर यांचा हिशेब सरळ होता: नव्या विद्यापीठाचं नाव वर्तमानपत्रात यायला शंभर वर्षं लागतात, जिंकणाऱ्या संघाचं पुढच्या रविवारी येतं. म्हणून स्टॅग यांचा विभाग थेट अध्यक्षांना जबाबदार, तिकिटांचा पैसा त्यांच्याच हातात. बाकीचे प्राध्यापक यावर काय म्हणत असतील, ते कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसलेल्याला सांगायला नको.

कोच असून ते स्वतः खेळायचे, हे खरं?

खरं. पहिल्या वर्षी पुरेशी मुलंच नव्हती, म्हणून स्टॅग स्वतः संघात उतरले. सुरुवातीचे प्रतिस्पर्धी तरी कोण, तर हाईड पार्क हायस्कूलसारखे. दोनच वर्षांनी, १८९४ च्या नाताळात, हाच संघ आगगाडीने थेट सान फ्रान्सिस्कोला जाऊन स्टॅनफर्डशी खेळला आणि २४–४ असा जिंकला.

१९०५ चा ‘२–०’ सामना एवढा प्रसिद्ध का?

मिशिगनचा कोच फील्डिंग योस्ट. त्याच्या संघाला ‘मिनिटाला एक गुण’ असं नाव पडलेलं, कारण ते खरोखर जवळजवळ त्या वेगाने गुण करायचे. १९०१ पासून सलग ५६ सामने ते हरले नव्हते. ३० नोव्हेंबर १९०५, थँक्सगिव्हिंगचा दिवस, शिकागोचं मार्शल फील्ड मैदान. सुमारे २७,००० लोक.

गुणफलक हलेना. शिकागोचा वॉल्टर एकरसॉल दूरवर किक मारून मिशिगनला मागे रेटत राहिला. अशाच एका किकवर मिशिगनच्या डेनी क्लार्कने चेंडू आपल्या गोलरेषेच्या मागे झेलला आणि तिथेच थांबण्याऐवजी तो घेऊन बाहेर पळाला. शिकागोच्या दोघांनी त्याला धरलं आणि उलट मागे ढकलून गोलरेषेआड पाडलं. सेफ्टी. २–०. त्यानंतर कोणालाच गुण मिळाला नाही. मिशिगनची मालिका तुटली आणि स्टॅग यांचा संघ त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम ठरला.

क्लार्कवर मात्र त्या एका धावेचं ओझं आयुष्यभर राहिलं. १९३२ मध्ये त्याने आत्महत्या केली, तेव्हाही वर्तमानपत्रांनी त्याची ओळख त्या सामन्यानेच करून दिली. विद्यार्थ्यांच्या खेळाला एवढी किंमत कोणी आणि का चढवली, हा प्रश्न इथे येतोच, आणि त्याच्या उत्तरात स्टॅग यांचंही नाव घ्यावं लागतं.

त्या काळी फुटबॉलमध्ये माणसं मरायची म्हणतात?

मरायची. १९०५ च्या हंगामात १८ मृत्यू झाल्याची नोंद सगळीकडे दिली जाते. हेल्मेटची सक्ती नव्हती, आणि डाव म्हणजे एकमेकांचे हात धरून केलेली रेटारेटी. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाईट हाऊसमध्ये बोलावून खेळ सुधारा असं सुनावलं. १९०६ मध्ये नियम बदलले: चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे फॉरवर्ड पास आला, आणि चेंडू आपल्याकडे राखण्यासाठी ५ ऐवजी १० यार्ड पुढे जाणं गरजेचं झालं. स्टॅग नियम समितीवर होते. शिकागोतले काही प्राध्यापक खेळच बंद करा म्हणत होते. ते झालं नाही, पण पश्चिमेकडच्या विद्यापीठांनी त्या वर्षी हंगाम पाच सामन्यांवर आणला.

त्यांनी नेमकं काय काय शोधलं?

यादी एवढी लांब फिरते की संशय यावा. खेळाडूंनी गोल रिंगण करून डाव ठरवणं (हडल), चेंडू सुटण्याआधी एखाद्याने आडवं पळत जाणं, चेंडू एकाकडे देऊन उलट्या दिशेने दुसऱ्याकडे सोपवणं, जर्सीवर नंबर, बेसबॉलसाठी जाळीचा पिंजरा, सगळं त्यांच्या नावावर. यातल्या बऱ्याच गोष्टींवर दुसऱ्यांचाही दावा आहे. मला खात्रीने आवडणारी वस्तू म्हणजे पाडापाडीच्या सरावाचा पुतळा. येलला असताना त्यांनी गुंडाळलेली गादी टांगली आणि माणसाऐवजी तिच्यावर झेपा घ्यायला लावलं. आज गल्लीतल्या जिममध्ये लटकणारी पंचिंग बॅग बघितली की ती गादी आठवते.

नोट्र डेमचा प्रसिद्ध कोच नूट रॉक्नी सगळ्या डावांचं मूळ स्टॅग यांच्याकडे आहे असं म्हणायचा. त्यात गुरुपरंपराही होती: रॉक्नीचा कोच जेसी हार्पर हा स्टॅग यांच्या हाताखाली खेळलेला.

शिव्या देत नसत?

दारू नाही, सिगारेट नाही, शिवी नाही. फार चिडले की ‘गाढवा!’. त्याहून चिडले की ‘डबल गाढवा!’. खेळाडू कोणाला किती वेळा गाढव म्हटलं याचा हिशेब ठेवायचे.

त्यांच्या पत्नीचा उल्लेख कुठे कुठे येतो. त्याही कोच होत्या का?

स्टेला रॉबर्टसन. १८९४ मध्ये लग्न झालं. त्यांना कोणतंच पद मिळालं नाही, पण मैदानाच्या कडेला वही घेऊन बसायच्या आणि प्रत्येक डावाचा तक्ता काढायच्या. उतारवयातही हे काम चालू होतं. आज संघांना यासाठी अॅनालिस्टची फौज लागते. ते काम पगाराशिवाय घरातच होत होतं, म्हणून त्याची नोंद तळटीपेत जाते.

स्टॅग इतके साधे-सोज्वळ होते, मग त्यांच्यावर टीका का होते?

कारण बोलणं हौशी खेळाचं आणि व्यवहार व्यावसायिक. पैशासाठी खेळणं म्हणजे पाप, असं ते आयुष्यभर सांगत राहिले आणि त्यात ढोंग नव्हतं. पण १९०२ पासून हायस्कूलच्या मुलांची मोठी मैदानी स्पर्धा विद्यापीठात भरवायची, तिथे चांगली पोरं हेरायची, त्यांची राहायची-जेवायची सोय लावायची, तिकिटांच्या पैशातून मैदान वाढवायचं, जाहिरात करायची, हा आजच्या कॉलेज खेळाच्या उद्योगाचा पहिला आराखडाच होता. तो आखणारा माणूस रविवारी चर्चमध्ये जायचा, एवढंच. मला हा विरोधाभास त्यांच्या विरोधात जाणारा वाटत नाही. त्यांना दोन्ही खरंच हवं होतं, आणि दोन्ही एकत्र राहतात का, हे तपासून बघायची त्यांना कधी गरज पडली नाही, कारण बरीच वर्षं संघ जिंकत होता. पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या संघटनेचं (आजचं ‘बिग टेन’) विजेतेपद त्यांनी ७ वेळा मिळवलं, शेवटचं १९२४ मध्ये.

आयुष्यभराची नेमणूक होती, मग ७०व्या वर्षी घरी का पाठवलं?

१९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले. वय ३०. त्यांना विद्यापीठात ग्रंथ हवे होते, गॅलरी नको होत्या. तोवर संघही हरू लागला होता. निवृत्तीच्या वयाचा नियम दाखवून १९३२ च्या हंगामानंतर स्टॅग यांना बाजूला केलं. सन्मानाचं सल्लागारपद देऊ केलं होतं, पण स्टॅग यांना शोभेचं पद नको होतं, काम हवं होतं.

७०व्या वर्षी ते कॅलिफोर्नियात स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये रुजू झाले आणि १४ हंगाम तिथे राहिले. १९३८ मध्ये हा छोट्या कॉलेजचा संघ घेऊन ते शिकागोला आले. मैदानाचं नाव तोवर स्टॅग फील्ड झालेलं. स्वतःच्या नावाच्या मैदानावर स्वतःच्या जुन्या विद्यापीठाला त्यांनी ३२–० असं हरवलं. पुढच्या वर्षी मिशिगनने शिकागोला ८५–० असं लोळवलं, आणि त्या हंगामानंतर हचिन्स यांनी फुटबॉल बंदच केला.

१९४३ मध्ये, ८१व्या वर्षी, देशभरातल्या कोचनी स्टॅग यांना वर्षातला सर्वोत्तम कोच निवडलं. पॅसिफिकनेही निरोप दिल्यावर ते पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना विद्यापीठात मुलाच्या जोडीने कोच झाले. नव्वदी ओलांडल्यावर परत स्टॉकटनला येऊन एका ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना किक मारायला शिकवत होते.

एकूण किती सामने जिंकले? विक्रम अजून आहे का?

सर्वमान्य आकडा ३१४. तो १९८१ पर्यंत टिकला. त्या वर्षी २८ नोव्हेंबरला अलाबामाच्या बेअर ब्रायंटने ऑबर्नविरुद्ध ३१५वा विजय मिळवला. सस्क्वेहानामधले मुलाच्या जोडीने मिळवलेले विजय यात धरलेले नाहीत, म्हणून तेव्हा वादही झाला होता.

स्टॅग फील्डच्या खाली अणुभट्टी होती, ही अफवा आहे का?

अफवा नाही. फुटबॉल बंद झाला, गॅलरी रिकाम्या पडल्या. पश्चिमेकडच्या गॅलरीखाली स्क्वॉशसारख्या खेळाचं एक बंदिस्त कोर्ट होतं. तिथे एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा रचल्या आणि २ डिसेंबर १९४२ ला माणसाच्या नियंत्रणात राहिलेली पहिली अणुविखंडन साखळी प्रक्रिया घडवली. फुटबॉल चालू असता तर ही जागा इतक्या सहज मिळाली असती का, असा विचार मनात येऊन जातो.

भारताशी काही संबंध?

थेट स्टॅग यांचा नाही. स्प्रिंगफील्डच्या शाळेचा आहे. तिथून शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघाबरोबर ते होते. भारतातल्या शाळांत बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल पोचले त्यात वायएमसीएचा वाटा मोठा. मुंबईत नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या मैदानावर संध्याकाळी चेंडूचा आवाज आला, तर त्याचा माग काढत गेल्यास त्याच टोपल्यांपाशी पोचाल.

आज शिकागोला गेलं तर त्यांचं काय बघायला मिळेल?

जुनं मैदान नाही, ते पाडलं. त्या जागेवर आता विद्यापीठाचं रेगेनस्टाइन ग्रंथालय आहे, आणि बाजूला हेन्री मूर यांचं अणुऊर्जेचं काळंभोर ब्राँझ शिल्प. विद्यापीठाने फुटबॉल १९६९ मध्ये पुन्हा सुरू केला, तोही खालच्या, शिष्यवृत्त्यांची खैरात नसलेल्या गटात. त्याच गटाचा राष्ट्रीय अंतिम सामना १९७३ पासून ‘स्टॅग बोल’ नावाने होतो. नवं स्टॅग फील्ड जुन्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शनिवारी सामना असेल तर तिकिटासाठी रांग लागत नाही.